टीव्हीचा आवाज गेला तेव्हा

आमच्या घरी टीव्ही आला त्या वर्षी माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि मुलगी सहा. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या ओळीत तो तिसरा टीव्ही. काळापांढरा, लाकडी पेटीतला, पुढे दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर असलेला. गच्चीवर अँटेना चढला त्या दिवशी शेजारीपाजारी पेढे मीच वाटले, हे आधीच कबूल करते. पुढचं वाचताना मला कोणी फार शहाणी समजू नये.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होते. संध्याकाळी घरी यायची तेव्हा आधी मुलं रस्त्यावर सापडायची, गुडघे फोडून घेतलेली, खिशात गोट्या आणि कुठले कुठले खिळे. टीव्ही आल्यावर ती घरात सापडायला लागली. एकाच जागी, मांडी घालून, तोंडं उघडी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसत्या करड्या ठिपक्यांच्या मुंग्या दिसत, तर ती मुंग्या बघायची. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला की तो बघायची. कपाशीवर पडणाऱ्या अळीची औषधं माझ्या मुलीला पाठ होती, पाढे नव्हते. मधेच प्रक्षेपण बंद पडून ‘व्यत्यय’ अशी पाटी लागायची, तेव्हाही कोणी उठत नसे.

मी एकदा म्हटलं, "अरे, नुसती पाटी आहे ती. बघताय काय?"

मुलगा मान न वळवता म्हणाला, "जाईल ना आता. जाताना पाहायची आहे."

शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ काढायला सांगितला होता. मुलीने टीव्ही काढला. चार पाय होतेच, तिने मागे वायरची शेपटी लावून दिली. बाईंनी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘पालकांनी भेटावे.’

उपाय मी पुष्कळ केले. शटरला कुलूप लावलं, ते मुलाने माझ्याच केसांच्या पिनेने उघडलं. रंगाची पेटी आणली, तर मुलगी पडद्यावरची नजर न काढता रंगवत बसली आणि अर्धी फरशी हिरवी झाली. गोष्ट सांगते म्हटलं की दोघं एका सुरात म्हणत, "बातम्यांनंतर!" आणि खरं सांगायचं तर बातम्यांनंतर मीही तिथेच बसलेली असायची, मांडीवर भाजीची परात घेऊन. वालाच्या शेंगा सोलताना दाणे सालांत आणि सालं भांड्यात गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळायचं. माझ्या यजमानांना, म्हणजे ‘यांना’, या सगळ्यात काही वावगं वाटत नव्हतं. हे म्हणायचे, "घरात शांतता आहे ना? मग?"

संक्रांत झाल्यावर माझे वडील भिवापूरहून आले. दरवर्षी यायचे, लाल मिरचीचं एक पोतं घेऊन. वर्षभराचं आमचं तिखट त्यातून व्हायचं आणि ओळीतल्या चार घरांचंही. या वेळी आणखी एक काम होतं. त्यांचा डावा कान बरेच दिवस कमी ऐकत होता, तो डॉक्टरला दाखवायचा होता. डॉक्टरांनी कान तपासला, थेंब लिहून दिले, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. बाबांना मात्र थेंबांचा भरवसा वाटेना. "तेल टाकलं असतं तर चाललं असतं," असं पुटपुटत त्यांनी थेंब घालून घेतले.

त्याच संध्याकाळी टीव्हीचा आवाज गेला.

कसा गेला ते मला नंतर कळलं. आबाजींना, म्हणजे माझ्या बाबांना, नीट ऐकू यावं म्हणून माझ्या मुलाने आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत पिळलं. एकदा ‘खर्र’ झालं, पेटीतून जळका वास आला आणि आवाज बंद. चित्र मात्र छान चालू. बातम्या देणारी बाई ओठ हलवतेच आहे. मी स्वयंपाकघरात होते, हे अजून ऑफिसातून यायचे होते. मुलाला आधी मार दिसला, मग बाकीचं जग.

बाबांनी विचारलं, "काहून रे? आवाज काहून नाही येऊन राहिला?"

आणि माझ्या चिरंजीवांनी सरळ सांगितलं, "येऊन राहिला ना, आबाजी! जोरात येऊन राहिला!"

 बाबांनी उजवा कान पुढे केला. मग डावा. मग करंगळी घालून दोन्ही कान हलवले. मुलगी सांगते, त्यांचा चेहरा असा एवढासा झाला की तिला रडू यायला लागलं. ते स्वतःशीच म्हणाले, "थेंबानं घात केला बाप्पा. माणसाचं बोलणं समजते, पण हे लाईटीचं बोलणं गेलं."

भाऊ तिला डोळ्यांनी दाबत होता, की बोलू नको. ती खरं बोलली नाही, पण तिला बघवेनाही. ती उठली, आबाजींच्या मांडीला खेटून बसली आणि त्यांच्या उजव्या कानाजवळ म्हणाली, "मी सांगते तुम्हाला ती बाई काय म्हणते ते."

मी पिठलं घोटत होते. बाहेरून बातम्या ऐकू आल्या, पण आवाज ओळखीचा वाटला.

"आज दिल्लीत एका फार मोठ्या साहेबाची चप्पल हरवली. पोलीस शोधून राहिले. एकच हरवली आहे, त्यामुळे साहेब लंगडी घालत ऑफिसला गेले."

मी पळी हातात घेऊन दारात आले. पडद्यावर सुटाबुटातला एक पाहुणा विमानातून उतरत होता आणि हार घालून घेत होता. माझी मुलगी म्हणत होती, "हे चपलेचे मामा आहेत. ते परदेशातून आले. त्यांना संत्र्याची बर्फी पाहिजे."

तेवढ्यात मुलाला राहवलं नाही. बहिणीला एकटीला सगळं बोलू देणं त्याच्याने होईना. पडद्यावर शिपाई कवायत करायला लागले, तशी त्याने तोंडाने बँड सुरू केला आणि दोन्ही हातांनी टीपॉय बडवला. बाबा हसायला लागले. हसताना त्यांचं पोट हलायचं आणि त्यावर टेकलेली नात हलायची. हवामान सांगायची वेळ आली. नकाशासमोर उभ्या माणसाने कुठेतरी बोट ठेवलं आणि मुलगी म्हणाली, "इथे भिवापूर आहे. तिथे उद्या मिरचीचा पाऊस पडेल. सगळ्यांनी डोळे मिटून फिरावं."

"अरे देवा!" बाबा मांडीवर थाप मारत म्हणाले. "मोठी हुशार बाई हाय वं ते!"

पिठलं खाली लागलं. वास आल्यावर मी भानावर आले, धावत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन टीव्हीचं बटण फिरवून बघितलं. एका मिनिटात मुलाने रडत सगळं कबूल केलं. मी त्याच्याकडे वळणार, तोच बाबांनी मला थांबवलं. ते उभे राहिले.

"म्हणजे माझे कान शाबूत हायेत?"

"हो बाबा. टीव्ही बिघडला आहे."

"कान शाबूत हायेत!" सत्तरीच्या माझ्या बापाने धोतराचा सोगा हातात धरून बैठकीत दोन गिरक्या घेतल्या. ज्या मुलाला मार मिळायचा त्याला उचलून खांद्यावर बसवलं, त्याचं डोकं पंख्याला लागता लागता राहिलं. मुलगी टाळ्या पिटत सोफ्यावर उड्या मारायला लागली. हे नेमके तेव्हा दारातून आत आले. मला म्हणाले, "काय झालं? कुणाचं लग्न ठरलं?" मला हसू आवरेना. त्या दिवशी करपलेलं पिठलं सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

जेवताना बाबा म्हणाले, "बाई, माझं आयक. मी हाय तंवर ते मशीन असंच राहू दे. पोट्टे त्याच्यापेक्षा बेस बोलतात."

यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकला निरोप दिला. तो आला, मागची फळी उघडून म्हणाला की स्पीकर जळला, नवीन आणतो शनिवारी. शनिवारी तो स्पीकर घेऊन आला तेव्हा घरी मी एकटीच होते. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "दादा, पंधरा दिवस येऊ नका."

त्याचा कप तोंडाशीच राहिला. "वहिनी, लोक हातापाया पडतात माझ्या, लवकर या म्हणून. तुम्ही पहिल्या की येऊ नका म्हणून राहिल्या."

"माझी मुलं बोलायला लागली आहेत," मी म्हटलं. माझी मुलं आधी मुकी होती, असं काहीसं त्याला वाटलं असावं. तो फार गंभीर झाला, स्पीकर पिशवीत परत ठेवला आणि म्हणाला, "देवाची कृपा." मी यांना सांगितलं, मेकॅनिक बाहेरगावी गेला आहे. नवऱ्याशी ते माझं पहिलं मोठं खोटं असेल. त्या रात्री सुपारी खाताना मला उगाच दोनदा ठसका लागला.

पुढचे पंधरा दिवस आमच्या बैठकीत नुसता धिंगाणा होता. ओळीतली मुलं रोज जमायला लागली. ज्या दोन घरांत आवाज असलेला टीव्ही होता, तिथलीही तो सोडून आमच्याकडे यायची. कोणी कोणाचं बोलायचं यावर भांडणं व्हायची, मग चिठ्ठ्या टाकायच्या. आवाजांसाठी माझं स्वयंपाकघर रिकामं झालं. सुपात ज्वारी घोळली की पाऊस. परातीवर उपड्या वाट्या आपटल्या की घोडे. कंगव्यावर कागद धरून फुंकलं की विमान. रडण्यासाठी एक मुलगा खास ठरला होता, कारण त्याला सर्दी होती. क्रिकेटचा सामना होता त्या दिवशी यांनी रेडिओ लावून समालोचनाची सोय करून घेतली, पण मुलांनी रेडिओवर कुरघोडी केली. पंच आपल्या बायकोवर कसा रागावला आहे आणि म्हणून बोट वर करतो आहे, असं ऐकताना हे आधी चिडले, मग स्वतःच पंचाच्या बायकोचा आवाज काढायला लागले. बारा वर्षांच्या संसारात मला तो आवाज माहीत नव्हता.

मी मात्र सवयीप्रमाणे मधे पडायची. "‘त्याले’ नाही, ‘त्याला’ म्हण," "राजाला डब्बा नसतो, राजा थाळीत जेवतो." एका संध्याकाळी बाबांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"बाई, तू मास्तरीण नको होऊ. कचेरीत दिवसभर चुका पुसतच असते ना? इथं नुसती आयक."

ते मला लागलं, पण खरं होतं. तेव्हापासून मी मधे बोलणं सोडलं. कचेरीतून एका बाजूने छापलेले रद्दी कागद घेऊन यायची, ते टीपॉयवर ठेवायची आणि बसायची. कागद कशाला, असं कोणी विचारलं नाही. दोन दिवसांत त्यांवर गोष्टी उतरायला लागल्या.

मग तो रविवार आला. संध्याकाळी सिनेमा होता. खोली भरलेली. पडद्यावर नायिका खांबाला धरून रडत होती. मुलांनी ठरवलं की तिची बकरी हरवली आहे. छान चाललं होतं. सर्दीवाला रडत होता, माझा मुलगा बकरी शोधायला रामटेकच्या डोंगरापर्यंत जाऊन आला, आणि मुलीच्या गोष्टीत बकरी सापडली. एका न्हाव्याच्या दुकानात दाढी करून घेत बसली होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले. पण पडद्यावरची बाई अजून रडतच होती.

"आता कशाला रडते?" मुलगी वैतागून म्हणाली. "बकरी सापडली ना!"

"आनंदाचे अश्रू असतील," कोणीतरी सुचवलं.

"नाही. ती ऐकतच नाही आपलं." ती थोडा वेळ वाट बघत राहिली. बाई आता पायऱ्यांवर बसून रडायला लागली. मुलगी उठली, पडद्यापाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिने शटर ओढून घेतलं. खट्ट.

 ज्या शटरला मी कुलूप लावून थकले, ते तिने स्वतः बंद केलं होतं, सिनेमा चालू असताना, दहा मुलांसमोर. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. कोणीच ओरडलं नाही. ती मुलांकडे तोंड करून शटरला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तर मग बकरी म्हणाली, माझी मिशीही काढा." खोलीत हसण्याचा जो स्फोट झाला, त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाबांनी माझ्याकडे बघून फक्त भुवया उंचावल्या.

त्या बकरीचं पुढे नाटक झालं. पुढच्या रविवारी, आमच्या गच्चीवर, सिनेमाच्याच वेळेला. ही वेळ मुलांनीच निवडली, मी तर घाबरले होते की कोण येणार. पण आमच्या ओळीतले तीसेक लोक आले, टीव्हीवाली दोन्ही घरं धरून. चादरीचा पडदा, मागे माझी चौकडीची साडी म्हणजे राजवाडा. आता बकरीचं राज्य होतं आणि माझा मुलगा तिचा सेनापती होता. बाबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून.

गच्चीवर बाबांची मिरची वाळत होती, एवढंच विसरलं गेलं. दुपारी त्यांनी ती एका कोपऱ्यात ओढून वर ताडपत्री टाकली होती. नाटकात वादळ येतं असा प्रवेश होता. त्यासाठी चार मुलं चार सुपं घेऊन तयार होती. नीट हालचाल करता यावी म्हणून ती मागे सरकली, आणि सरकता सरकता ताडपत्रीवर चढली. खाली कुरकुर, कडकड असं वाजलं. मुलांना ते फार आवडलं, वादळाला अगदी शोभेसा आवाज. ती नाचायलाच लागली. ताडपत्री सरकली. आणि मग चौघांनी जीव खाऊन सुपं हलवली.

पहिली शिंक शेजारच्या काकूंना आली. नंतर कोणाकोणाला आली ते सांगता येणार नाही, कारण मी स्वतः शिंकत होते. तीस माणसं एकाच वेळी शिंकताना मी त्याआधी पाहिली नव्हती. कोणी पदर तोंडावर घेतला, कोणी जिन्याकडे पळालं आणि जिन्यात शिंकत बसलं. एका आजोबांची कवळी उडून सेनापतीच्या पायाशी पडली. सेनापतीने तलवार टाकून ती उचलली आणि अदबीने परत नेऊन दिली. वादळ करणारी मुलं स्वतःच सुपांखाली डोकी घालून बसली होती.

मला वाटलं, संपलं नाटक. तोच चादरीपुढे माझी मुलगी आली. बकरीची शिंगं कपाळावर घसरलेली, दोन्ही डोळ्यांतून धारा. ती मोठ्याने म्हणाली, "महाराणीला, हाक्छी! शिंक आली. म्हणून सगळ्या प्रजेला, हाक्छी! शिंकावं लागलं. या राज्याचा, हाक्छी! असाच कायदा आहे!"

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. हसता हसता शिंकणं आणि शिंकता शिंकता टाळ्या वाजवणं असं दोन्ही सुरू झालं. हे भिंतीला धरून हसत-शिंकत उभे होते. बाबा उभे राहिले, डोळे पुसले आणि लोकांकडे वळून अभिमानाने सांगितलं, "भिवापूरची हाय! अस्सल!" त्याला वेगळ्या टाळ्या पडल्या.

खाली आल्यावर मी काकड्या कापून सगळ्यांना वाटल्या, कोणी डोळ्यांवर ठेवल्या, कोणी खाल्ल्या. त्या गडबडीत मी यांना मेकॅनिकचं खरं सांगून टाकलं. यांनी माझ्याकडे लाल डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "तरीच. परवा तो मला चौकात भेटला. मुलं आता कशी बोलतात म्हणून विचारत होता. मी म्हटलं, थांबतच नाहीत."

दोन दिवसांनी बाबा गावी गेले आणि स्पीकर बसला. मुलं साधू झाली, असं मी म्हणणार नाही. आवाज आल्यावर पहिला आठवडाभर ती पुन्हा चिकटली. पण मुंग्या आणि ‘व्यत्यय’ची पाटी बघणं कायमचं सुटलं. कार्यक्रम रटाळ झाला की दोघांपैकी एकजण जाऊन आवाज बंद करी आणि त्यांचं बोलणं सुरू होई. मग बोलणंही अपुरं पडून ती कागद घेऊन आतल्या खोलीत जात. भिवापूरहून दर आठवड्याला बाबांचं पोस्टकार्ड यायचं, मोठ्या वाकड्या अक्षरांत, ‘बकरीचे पुढे काय झाले ते कळवावे.’ कळवणं भाग होतं. कळवायचं तर काही घडवणं भाग होतं. बकरी निवडणुकीला उभी राहिली, बुटीबोरीपर्यंत सायकलने जाऊन आली, एकदा तिला कांजिण्याही झाल्या.

पावसाळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी मी एकटीच बैठकीत बसून एक मालिका बघत होते. फार रंगात आली होती. नायिकेची सासू कपाट उघडणार, त्यात काय आहे हे मला गेल्या आठवड्यापासून बघायचं होतं. तेवढ्यात आतून मुलगी आली. कमरेवर हात, बोटांना शाई.

"आई, आवाज कमी कर वं. आम्ही लिहून राहिलो."

मी उठून आवाज कमी केला. सासूने कपाट उघडलं आणि ती काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, तेव्हा मीच तिच्यासाठी दोन वाक्यं बोलून घेतली. चांगली जमली होती.